भात, ज्वारी, गहू: जनुकांची रांग तीच

भाताच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात, ज्वारीत १० आणि आपल्या पोळीच्या गव्हात २१. भाताच्या एका संचातला डीएनए सुमारे ३९ कोटी अक्षरांचा, तर गव्हाचा जवळपास १,६०० कोटींचा. इतका फरक असूनही जनुकांचा क्रम मात्र लांबलांबच्या पट्ट्यांत तोच सापडतो. रेल्वेमार्गावरची स्थानकं त्याच क्रमानं यावीत, फक्त मधलं अंतर वाढलेलं असावं, तसं. गव्हात हे अंतर फुगवलं आहे ते पुनःपुन्हा नकला होऊन पसरलेल्या डीएनएच्या तुकड्यांनी.

इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरचे ग्रॅहम मूर, माइक गेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या तृणधान्यांचे नकाशे एका वर्तुळात शेजारी शेजारी मांडून दाखवले. नकाशे बनतात ते सहलग्नतेवरून: गुणसूत्रावर जवळ असलेली जनुकं सहसा एकत्रच पुढच्या पिढीत जातात, जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट जास्त.

ही धान्यं एकमेकांपासून वेगळी होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, तरी रांग फारशी विस्कटली नाही. म्हणूनच गव्हातलं जनुक शोधणारे बरीच वर्षं आधी भातात डोकावायचे. नकाशा छोटा, शोध स्वस्त. पण आंधळा विश्वास नको. जवळून पाहिलं की मधलीच जनुकं गळालेली, उलटलेली किंवा दुसरीकडे गेलेली दिसतात. रोगप्रतिकाराची जनुकं तर फारच चंचल. तिथे भाताचा नकाशा अनेकदा चकवतो.