बादलीतलं पाणी ओता, मग निघा

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या महासरोवरांत २००५-०६च्या सुमारास मेलेले मासे किनाऱ्याला लागू लागले. अंगावर रक्ताचे डाग. कारण ‘व्हीएचएस’ नावाचा विषाणू. तो रेबीजच्या कुळातला, तरी माणसाला निरुपद्रवी. थंड पाण्यात फोफावणाऱ्या या विषाणूला आपल्या अंगाची ऊब सोसत नाही.

ऑक्टोबर २००६मध्ये अमेरिकी कृषी खात्याने सरोवरांकाठच्या आठ राज्यांतून ३७ जातींचे जिवंत मासे बाहेर नेण्यावर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात ती काही अटींवर सैल करावी लागली. सरसकट बंदीचं बहुधा असंच होतं.

विस्कॉन्सिन राज्याचे नियम मला अधिक शहाणे वाटतात. होडी काठावर घेतली की तिच्यातलं सगळं पाणी काढायचं. पकडलेला मासा जिवंत न्यायचा नाही. गळाला लावायला दुकानातून आणलेले छोटे मासे उरले, तर दुसऱ्या तळ्यावर चालतात. मात्र त्यांच्या बादलीत पहिल्या तळ्याचं पाणी पडलेलं नसावं. इतका काटेकोरपणा कशाला? आजारी माशाच्या मूत्रावाटे विषाणू पाण्यात उतरतो आणि मासा नसतानाही तिथे काही दिवस तग धरतो.

केंद्राचा हुकूम २०१४मध्ये मागे घेतला गेला. बादलीचा नियम मात्र त्यानंतरही राहिला.