लाव्यांचे घर आणि त्याचा बंदोबस्त

अश्विनीकुमारांनी केलेल्या उपकारांची जी गणना ऋग्वेदातील सूक्तांत पुनःपुन्हा येते, तीत लांडग्याच्या जबड्यातून सोडविलेल्या वर्तिकेचा, म्हणजे लाव्याच्या मादीचाही उल्लेख आहे. मुठीत मावणाऱ्या, बहुतेक आयुष्य भुईवरच कंठणाऱ्या आणि संकट अगदी अंगाशी येईपर्यंत गवतात दबून राहणाऱ्या या पाखराचे सारे भागधेय त्या एका उल्लेखात आले आहे. आणि म्हणूनच आपल्या परसात ज्यांना लावे पाळावयाचे आहेत, त्यांनी अंड्यांचा व उत्पन्नाचा हिशेब मांडण्यापूर्वी संरक्षणाची तजवीज काय केली, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर प्रथम दिले पाहिजे.

येथे विचार आहे तो जपानी लाव्याचा. बाजारात याच पाखराला बटेर असेही म्हणतात. १९७४ साली ते कॅलिफोर्नियाहून भारतात आले आणि पुढे बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील पक्षिसंशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे काम चालविले. सतरा-अठरा दिवसांत अंड्यातून पिल्लू बाहेर पडते, सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते, आणि पूर्ण वाढलेल्या पाखराचे वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम भरते. आपल्या माळरानांत व डोंगरउतारांवर आढळणारे रानलावे निराळे. त्यांना पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, तेव्हा पाखरे आणावयाची ती उबवणी केंद्रातूनच, आणि पावतीसह.

व्यापारी बटेरपालनात तारेच्या मजलेवार पिंजऱ्यांची पद्धत रूढ आहे आणि जागेच्या व मजुरीच्या दृष्टीने ती सोयीची आहे, हे मान्य करूनही घरगुती डझनभर पाखरांसाठी ती मला पसंत नाही. लावा कोंबडीप्रमाणे दांडीवर चढून झोपत नाही. माती उकरणे, धुळीत अंग घुसळणे, झुडपाच्या बुंध्याशी दडणे, हाच त्याचा जीवनक्रम होय. तो त्याला भुईवरच लाभतो. परंतु त्याला भुई देऊन वर जाळीने कोंडताना निसटून जाण्याचा त्याचा मार्ग आपण हिरावून घेतो, आणि त्या क्षणापासून त्याच्या जीविताची जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते.

शत्रूंची यादी मोठी आहे. दिवसा मुंगूस, कावळा आणि शिक्रा. रात्री बोका, घूस, उंदीर, साप आणि कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात ते उदमांजर. यांपैकी निम्म्याहून अधिक शत्रू खालून येतात, आणि म्हणून या घराची खरी परीक्षा छपरात नसून पायात असते. देशावरील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात हातहातभर भेगाळते, आणि त्या भेगा म्हणजे घुशींना व सापांना आयत्याच मिळालेल्या वाटा. तेव्हा घराच्या हद्दीतील काळी माती दोन फुटांपर्यंत काढून टाकून तेथे मुरूम भरावा, पाणी मारून तो धुमसून बसवावा आणि मगच भिंतीचा विचार करावा. कोकणात प्रश्न पाण्याचा आहे. तेथे जांभ्याच्या चिऱ्यांचे फूट-दीड फूट उंच जोते बांधून त्यात माती व वाळू भरणे इष्ट. मात्र चिऱ्यांचे सांधे सिमेंटने पक्के भरले पाहिजेत, कारण गडग्यासारखी कोरडी रचना ही उंदरांची वस्ती आणि पर्यायाने धामणीचे शिकारक्षेत्र ठरते.

भिंतीसाठी बाजारात जी षटकोनी कोंबडी-जाळी स्वस्तात मिळते, ती मी साफ नामंजूर करीन. ती पाखरांना आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, आणि लहान उंदराला तर ती फाडण्याचीही गरज पडत नाही, कारण जेथून त्याचे डोके शिरते तेथून त्याचे सारे अंग शिरते. जस्त चढविलेली, जाड तारेची, अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश हीच योग्य. ही जाळी पायथ्याशी संपवू नये. बाहेरच्या अंगास काटकोनात वळवून तिचा दीड फूट रुंद पट्टा मातीखाली चार बोटे आडवा पुरावा. उकरणारे जनावर नेहमी भिंतीच्या अगदी मुळाशी उकरू लागते, तेथे तार लागली की थोडे सरकून पुन्हा मुळाशीच उकरते, आणि दीड फूट मागे जाऊन सुरुंग खणण्याची बुद्धी त्याला सहसा होत नाही. जाळीच्या खालच्या फूटभर भागावर आतून फळ्या किंवा पत्रा लावणेही अवश्य आहे, कारण लावे रात्री कडेला टेकून बसतात आणि बाहेरून पंजा मारणाऱ्या बोक्याला एवढी संधी पुरते.

दुसरा धोका पाखराच्या स्वभावातच आहे, आणि नवख्या पाळणाऱ्यांच्या तो बहुधा ध्यानी येत नाही. लावा दचकला की बाणासारखा सरळ वर उसळतो. छत तीन-चार फुटांवर असेल तर तेथवर पोहोचेतो त्याला पुरता वेग आलेला असतो, आणि कठीण तारेवर डोके आदळून टाळू सोलवटते, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून छत एक तर फूटभर उंचीवर असावे, म्हणजे वेग घेण्यास अवसरच उरत नाही, किंवा माणूस ताठ उभा राहील असे साडेसहा फुटांवर असावे. जागा असल्यास मी दुसरा पर्याय सुचवीन, कारण ज्या घरात शिरून झाडता येते तेच घर दीर्घकाळ स्वच्छ राहते. छताखाली अर्ध्या फुटावर रोपवाटिकेत वापरतात ती मऊ शेडनेट ताणून बांधावी. छपर मात्र पत्र्याचे, अभेद्य हवे. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लूने जो अनर्थ केला तो ज्यांना आठवत असेल, त्यांना रानपाखरांची विष्ठा आत पडू न देण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

दर पाखरामागे किमान एक चौरस फूट जागा लागते. दोन दिल्यास नरांची भांडणे उणावतात, आणि एका नरामागे दोन-तीन माद्या हे प्रमाण राखावे. दरवाजे दोन असावेत, एकामागे एक, मधे माणूस उभा राहील एवढी जागा सोडून, म्हणजे बाहेरचा लावल्याशिवाय आतला उघडण्याचे कारण पडत नाही. नुसत्या आकड्यावर विसंबू नये. कडी-कोयंडा आणि कुलूप हवेच. आत भाताच्या तुसाचा तीन बोटे थर, एका कोपऱ्यात वाळू आणि राख मिसळलेली धूळस्नानाची पेटी, दडण्यासाठी आडव्या कुंड्या व वाळकी डहाळी, एवढे साहित्य पुरे. तूस ओले राहिले की अमोनियाचा दर्प सुटतो व आतड्यांचे रोग बळावतात, तेव्हा ओला भाग त्याच दिवशी काढावा. कोंबड्यांचे रोग लाव्यांना जडतात. दोहोंचा संसार एका छपराखाली थाटू नये. उरलेले खाद्य सूर्यास्ताला उचलावे, कारण दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

घर पुरे झाले म्हणजे पाखरे आणण्याची घाई मात्र करू नका. संध्याकाळी मूठभर दाणे आत पसरा, कुलूप लावा, भोवतीची माती झाडून सपाट करा, आणि पहाटे पावलांचे ठसे कोठून कोठवर आले आहेत ते पाहा. आठवडाभर दाणे जसेच्या तसे राहिले तरच उबवणी केंद्राकडे मागणी नोंदवा.