सायबर सुरक्षेची पदवी : जमीन गहाण टाकण्याआधी एवढं वाचा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय असतो. पोराला कुठं घालायचं? एके काळी डी.एड., मग आयटीआय, मग सरसकट इंजिनिअरिंग. आता पोरंपोरी 'सायबर सिक्युरिटी' हे नवंच नाव घेऊन घरी येतात. बापाला वाटतं, मोबाइल बघून डोक्यात भरलेलं हे खूळ आहे. तसं ते नाही. पण फी भरली की नोकरी पक्की, असाही हा मामला नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी हे शिक्षण काय आहे ते नीट समजून घ्या.

पुण्यातलीच गोष्ट बघा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस या सहकारी बँकेचे पैसे काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढले गेले. १३ तारखेला आणखी काही कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये! तिजोरीला कुणी हात लावला नव्हता. 'या खात्यात पैसे आहेत का?' हा एटीएमचा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत पोचूच दिला नाही. मध्ये बसवलेल्या बनावट यंत्रणेनंच 'द्या पैसे' असं उत्तर दिलं. अशी चोरी ओळखणं, थांबवणं आणि झाल्यावर तिचा माग काढणं, हेच या पदवीत शिकवतात. आपली जिल्हा बँक, सातबारा, पीक विमा सगळंच आता संगणकावर आहे. २०२२ पासून केंद्राच्या योजनेतून विकास सोसायट्यांचंही संगणकीकरण सुरू झालं. तेव्हा राखणदार लागणारच.

मग शिकायचं काय? पहिली दोन वर्षं बहुतेक संगणकशास्त्राचीच. प्रोग्रॅम लिहिणं, नेटवर्कची रचना, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि गणित. गणिताला पर्याय नाही. एक गंमत करून बघा. ५३ गुणिले ६१ किती? ३२३३. कुणीही करील. पण नुसतं ३२३३ सांगून 'हा कोणत्या दोन आकड्यांचा गुणाकार?' असं विचारलं, तर वेळ लागतो. आकडे शेकडो अंकी असले तर आजचे मोठे संगणकही हात टेकतात. १९७७ सालच्या आरएसए नावाच्या कुलपाचं तत्त्व हेच, आणि आजही ते वापरात आहे. पुढच्या वर्षांत अशी कुलपं, वेबसाइटमधल्या फटी शोधणं, कायदा आणि डिजिटल पुरावा हे विषय येतात. चोराचा मोबाइल जप्त झाला तर त्यातला मजकूर कोर्टात टिकेल असा कसा जपायचा, तेही शिकवतात. आपल्याकडे पंचनामा चुकला की केस ढिली पडते, तसंच तिथंही आहे.

रस्ते दोन. पहिला, चार वर्षांचं बी.ई. किंवा बी.टेक. बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी आणि मग सीईटी कक्षाच्या फेऱ्या. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दुसरा, बी.एस्सी. किंवा बीसीए. बीसीएसाठी राज्यात २०२४ पासून वेगळी सीईटी सुरू झाली. शेजारच्या गुजरातेत गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. तिथंही हा विषय शिकवतात.

आता सावधगिरीचं. जाहिरातीत हुडी घातलेला पोरगा आणि मागं हिरवे आकडे दिसले म्हणून भुलू नका. कॉलेजला तोंडावर विचारा. एआयसीटीईची मान्यता या शाखेला आहे का? पदवी कोणतं विद्यापीठ देणार? अभ्यासक्रम दाखवा, साध्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगपेक्षा यात वेगळं काय? शिकवायला कोण आहे, लॅब कुठाय? उत्तरं गोलमाल आली तर चांगल्या कॉलेजातलं साधं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घेतलेलं बरं. पाया तोच असतो, सुरक्षेचे विषय पुढं घेता येतात आणि उद्या पोराचं मन बदललं तर दुसरी वाटही मोकळी राहते. 'तीन महिन्यांत हॅकर व्हा' म्हणणाऱ्या क्लासचा कागद ही पदवी नव्हे.

नोकरीचंही खरं सांगायला हवं. सुरुवातीचं काम बहुधा पुणे, मुंबई, बंगळूरसारख्या शहरात, पाळीपाळीनं पडद्यावर पहारा देण्याचं. रात्रपाळीही आलीच. कांद्याच्या चाळीवर जागलं करण्यासारखंच ते. ज्याला चिकाटी आहे तो वर चढतो.

आणखी एक. शिकण्याच्या नादात पोरानं शेजाऱ्याचा वायफाय किंवा पतसंस्थेचा संगणक परवानगीशिवाय उघडला, तर तो गुन्हा ठरू शकतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरच्यांनी हे आधीच कानावर घातलेलं बरं.

पैशाचं म्हणाल तर घाईनं सावकाराकडं जाऊ नका. शासनाच्या कर्ज हमी योजनेत बसणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. बँकेत हे ठासून विचारा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना जुलै २०२४ च्या निर्णयानं व्यावसायिक शिक्षणाचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे, तीही उत्पन्नाच्या त्याच अटीवर. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात.

सरपंच, तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती. प्रवेशाच्या दिवसांत उत्पन्नाचा आणि अल्पभूधारकाचा दाखला एक दिवस जरी अडकला, तरी गरिबाच्या पोराची फेरी हुकते. त्यासाठी जूनमध्ये एक दिवस गावातच शिबिर लावा. आणि सुट्टीत घरी आलेल्या अशा विद्यार्थ्याला ग्रामसभेत उभं करा. ओटीपी का द्यायचा नाही, व्हॉट्सॲपवर आलेली 'पीएम किसान'ची फाइल का उघडायची नाही आणि फसवणूक झाल्याबरोबर १९३० ला फोन का लावायचा, हे तो आपल्या बोलीत सांगेल. पोराचा अभ्यास पक्का होईल आणि गावाचे पैसेही वाचतील.