नाकाबंदी, गोळी आणि स्वसंरक्षण

आंबिवली-मोहने भागातली मुले मला विचारतात, “सर, नाकाबंदीत गाडी थांबवली नाही तर पोलीस गोळी घालू शकतात काय?” कायदा स्पष्ट आहे. ज्याच्यावर मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना ठार मारण्याचा अधिकार पोलिसांना नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये हे होते. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्येही आहे.

मग उरते स्वसंरक्षणाची सबब. नाकाबंदी असो वा जमाव, ती तयारच असते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त लोक महामार्गावर आले. राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. जमाव टँकर पेटवणार होता, असे सांगितले गेले. न्या. गुंडेवार आयोगाने ते मानले नाही. गोळीबार असमर्थनीय ठरविला. तरी संबंधित फौजदाराला जन्मठेप सुनावली जाण्यास २००९ साल उजाडले, आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला.

म्हणून कार्यकर्त्यांनी २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. मुंबईतील चकमकींवरून पीयूसीएलने लढविलेल्या खटल्यात न्यायालयाने सांगितले: पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा, तपास सीआयडीने वा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकारी चौकशी व्हावी. मारणाऱ्यानेच मृत्यूचा खुलासा लिहायचा, ही रीत आपल्या वस्त्यांनी मान्य करता कामा नये.