बारा किलोबाइटचा गाभा

प्रोसेसर आणि मेमरी कोणत्या प्रोग्रॅमला केव्हा मिळेल, हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल. तो चुकला की सगळेच कोसळते. म्हणून कर्नेल लहान ठेवून फाइली, ड्रायव्हर वगैरे कामे बाहेरच्या स्वतंत्र घटकांकडे सोपवावीत, हा विचार जुनाच. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ साली सुरू झालेल्या ‘माख’ने तो गाजवला आणि बदनामही केला. वेगळे झालेले घटक एकमेकांशी निरोपांनीच बोलणार. आणि ४८६ प्रोसेसरवर माखच्या लहानशा निरोपालाही शंभरावर मायक्रोसेकंद लागत. कल्पनाच फसवी, असे अनेकांनी ठरवून टाकले.

योखेन लीटके या जर्मन संशोधकाने १९९३ साली तशाच यंत्रावर तेच काम सुमारे पाच मायक्रोसेकंदांत करून दाखवले. त्यांच्या मते दोष बांधणीचा होता. प्रोसेसरलगतची कॅश म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. तिथे न मावणारे दरवेळी माळ्यावरून काढावे लागते. माखचा पसारा ओट्यावर मावत नव्हता. लीटके यांचा ‘एल४’ अवघ्या बारा किलोबाइटचा, सात सिस्टिम कॉलचा. त्यांची कसोटी कठोर होती: बाहेर ठेवून काम अडत असेल तरच ती गोष्ट आत. याची किंमतही होती. कर्नेल प्रत्येक प्रोसेसरसाठी नव्याने लिहावा, असे ते म्हणत. हा हट्ट मला अतिरेकी वाटतो, आणि पुढच्यांनी तो सोडलाही.

लीटके २००१ साली वारले. एल४च्या कुळातल्या ‘एसईएल४’ची अचूकता २००९ साली ऑस्ट्रेलियात गणिती पद्धतीने सिद्ध झाली. त्यात सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळी होत्या. लाखो ओळींच्या कर्नेलवर असला प्रयोग कुणी हाती घेतला नसता.