बावन्न दरवाजांचे शहर : एका दिवसात कसे पाहावे?

(द्वितीय वर्ष, कला)

कोणतेही ऐतिहासिक शहर पाहायचे म्हटले म्हणजे आपण प्रथम तेथील प्रसिद्ध इमारतीकडे धाव घेतो. पण जे शहर तटबंदीच्या आत वसले आहे, ते समजून घ्यायचे असेल तर दोन साधे प्रश्न आधी विचारावेत, असे मला वाटते. या भिंतीच्या आत राहणारी हजारो माणसे पाणी कोठले पीत होती? आणि ही भिंत कोणाच्या भीतीने बांधली गेली? या दोन प्रश्नांचा धागा धरला, तर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, एका दिवसातही बरेच कळू शकते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मला वसतिगृहावर सोडण्यासाठी माझे आईवडील सकाळच्या एस. टी.ने आले आणि संध्याकाळच्या एस. टी.ने परत गेले. या शहरात ते पूर्वी कधी आले नव्हते असे नाही. दवाखान्यासाठी आले होते, कोर्टाच्या तारखेला आले होते. परंतु दोघांनी मिळून काही 'पाहायला' म्हणून येणे हे त्यांच्या आयुष्यात पहिलेच. मी इतिहासाची विद्यार्थिनी. तेव्हा माहिती सांगण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. पण अण्णांनी आणि मायने विचारलेल्या प्रश्नांमुळे पुस्तकातल्या कित्येक गोष्टी मलाच नव्याने उमगल्या.

प्रथम शहराच्या जन्माविषयी. मलिक अंबर हा मूळचा आफ्रिकेतील हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी हे शहर वसविले. १६२६ मध्ये तो वारल्यावर त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर हे नाव दिले. पुढे मोगलांचा दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने १६५३ मध्ये त्याचे औरंगाबाद केले. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झाले. चारशे वर्षांत एका गावाने अशी चार नावे पाहिली.

नावाच्या गावावरूनच येथील जमिनीची कल्पना येते. काळा खडक आणि शहरातून वाहणारी लहानशी खाम नदी. एवढ्यावर राजधानी कशी जगणार? मलिक अंबराने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी भूमिगत नहरीत गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणले. ना मोट, ना रहाट. हवा खेळावी व गाळ काढता यावा म्हणून नहरीवर ठिकठिकाणी उभी विवरे ठेवलेली असत. काही ठिकाणी उंच बांधीव मनोरे होते. पाणी मनोऱ्यात वर चढे आणि पुन्हा खाली उतरे. त्यामुळे आत कोंडलेली हवा निघून जाई व दाब आटोक्यात राही. अण्णांनी उभ्या आयुष्यात अनेक विहिरी खणल्या आहेत. हे सारे ऐकून घेतल्यावर ते एवढेच म्हणाले, "मंजी ही आडवी हीरच झाली की!" नहरीची याहून सोपी व्याख्या मला अद्याप कोठे वाचायला मिळालेली नाही.

या पाण्याची करामत डोळ्यांनी पाहायची तर पाणचक्कीवर जावे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. डोंगराकडून खापरी नळातून आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर खाली पात्यांचे चाक फिरते आणि त्याच्याबरोबर वरचे दगडी जाते. येथे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी या जात्यावर धान्य दळले जाई. मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते. माय जात्यापाशी बराच वेळ उभी होती. आमच्या गावात गिरणी येईपर्यंत तिने पहाटे उठून जाते ओढले आहे. ती म्हणाली, "तीनशे वर्साखाली हे जमत व्हतं, तर आमच्या हातात खुंटा कामून ऱ्हायला?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या अभ्यासक्रमात नाही, पण इतिहासात तो विचारला गेला पाहिजे, हे मात्र खरे.

पाणचक्कीनंतर बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम हिची ही कबर. तिला 'ताजमहालाची नक्कल' म्हणून नाक मुरडण्याची रीत आहे. परंतु संगमरवर येथे कित्येक कोसांवरून आणावा लागे. म्हणून घुमट आणि भिंतींचा खालचा भाग तेवढा संगमरवरी ठेवून, उरलेले काम इथल्याच काळ्या दगडात करून त्यावर चुन्याचा गिलावा चढविला आहे. दख्खनच्या मातीला परवडेल असा हा ताज आहे. खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा सांगतात. रचनाकार अताउल्ला आणि स्थापत्यकार हंसपतराय यांची नावे प्रवेशद्वारावर कोरलेली आहेत. अण्णांनी विचारले, "अन् दगड व्हायलेल्यांची?" त्यांची नावे कोठेच नाहीत. हिशेब आण्यापर्यंत राहिला, माणसे राहिली नाहीत.

आत गेल्यावर कबर वरच्या सज्जातून खाली वाकून पाहावी लागते. भोवती संगमरवराची नाजूक जाळी आहे. दिलरसबानू १६५७ मध्ये, मुलगा अकबर याच्या जन्मानंतर महिनाभरातच वारली. हे ऐकताच माय म्हणाली, "मंजी बाळंतपणातच गेली बिचारी," आणि तिने हात जोडले.

याच अकबराशी शहराच्या तटाची गोष्ट जोडलेली आहे. १६८१ मध्ये त्याने बापाविरुद्ध बंड केले आणि आश्रय घेतला तो छत्रपती संभाजी महाराजांचा! औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि १६८२ मध्ये औरंगाबादेत आला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने शहराला तट बांधला गेला तो याच सुमारास. ज्यांच्या धास्तीने भिंत उभी राहिली, त्यांचेच नाव आज त्या शहराला आहे. इतिहासाचे असे फेरे पाहिले म्हणजे मन थक्क होते. स्वतः औरंगजेब १७०७ मध्ये दक्षिणेतच वारला आणि त्याची साधी कबर जवळच खुलताबादला आहे.

तटाचा बराचसा भाग आता गेला आहे. बावन्न दरवाजांपैकी अनेक पडले. उरलेल्यांतून किंवा त्यांना वळसा घालून वाहने धावतात. दरवाजांची नावे म्हणजे जुन्या रस्त्यांच्या पाट्याच समजाव्यात. दिल्ली दरवाजा उत्तरेला, पैठण दरवाजा दक्षिणेला, मकाई म्हणजे मक्का दरवाजा पश्चिमेला. भडकल दरवाजा तर तटाहूनही जुना. मलिक अंबराने मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून तो १६१२ मध्ये उभारला. आज शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून यंत्रांनी उपसून आणावे लागते. आडव्या विहिरीचे महत्त्व अशा वेळी अधिकच जाणवते.

मित्रमैत्रिणींनो, जुन्या शहरातून विद्यापीठाकडे जाताना मकाई दरवाजा लागतो. परक्याला अडविण्यासाठी उभारलेल्या दरवाजातून आज खेड्यापाड्यांतली मुलेमुली शिकायला जातात. आपल्यापैकी पुष्कळजण आपल्या घरातले पहिलेच विद्यार्थी आहेत. आपले आईवडील या शहरात नेहमी कामाचा कागद हातात घेऊन येतात. एखादा दिवस त्यांना बिनकामाचे बोलवा. शिदोरीला भाकरी बांधून आणायला सांगा. सकाळी पाणचक्की, दुपारी मकबरा आणि ऊन उतरल्यावर दरवाजे, असा क्रम ठेवा. माहिती आपण सांगावी आणि प्रश्न त्यांना विचारू द्यावेत. आपल्या वहीत नसलेले पुष्कळ काही त्यांच्याकडून मिळते.