सटवाईचा लेख आणि देवाची निवड

मूल जन्मले की पाचवीच्या रात्री पूजेत कोरा कागद व लेखणी ठेवण्याची रीत आम्हा कोंडाण्याच्या लोकांना नवी नाही. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी समजूत आहे. त्यामुळे ख्रिस्ती धर्मातील पूर्वनियोजनाचा सिद्धान्त ऐकला की ‘हे तर आपले नशीबच!’ असे आपण चटकन म्हणून जातो. परंतु या दोहोंत मोठा फरक आहे.

सटवाई लिहिते ते आयुष्य, पैसा, सुखदुःख. पूर्वनियोजनाचा सिद्धान्त मुख्यतः आत्म्याच्या तारणासंबंधी आहे. मनुष्य पापात इतका रुतलेला आहे की स्वतःच्या पुण्याईवर तो तरू शकत नाही; म्हणून ज्यांना तारायचे त्यांना देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच, केवळ कृपेने, निवडले आहे, असे हे मत. संत पौलाच्या पत्रांत त्याचा आधार सापडतो. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने ते मांडले आणि सोळाव्या शतकात जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने (१५०९–१५६४) त्याला कठोर रूप दिले. आपला कर्मसिद्धान्त ‘पेराल तसे उगवेल’ असे सांगतो. येथे मात्र माणसाच्या कर्तबगारीचा हिशेबच नाही.

सगळेच ख्रिस्ती हे मानत नाहीत. हॉलंडमधील आर्मिनियस व पुढे इंग्लंडमधील जॉन वेस्ली यांनी त्यास विरोध केला. रोमन कॅथलिक पंथही मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याला जागा ठेवतो.

सारे आधीच ठरले असेल तर धडपड कशासाठी? याचे उत्तर मुंबईतच मिळते. १८२९ साली डॉ. जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट स्कॉटलंडहून मुंबईस आले. १६४७ साली तेथील चर्चने स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर मतपत्रिकेत पूर्वनियोजन स्पष्ट सांगितले आहे. तरीही हे दांपत्य हातावर हात ठेवून बसले नाही. ते मराठी शिकले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३२ साली डॉक्टरांनी काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. कारण त्याच मतपत्रिकेप्रमाणे देवाने जसे साध्य नेमले तशी साधनेही नेमली आहेत. उपदेश व प्रार्थना ही ती साधने होत.

श्रद्धावंताला यातून धीर मिळतो: आपले तारण आपल्या दुबळ्या हातांत नाही. त्याचा गर्वही उतरतो, कारण निवड गुणांवर झालेली नाही. पण ज्यांची निवड झाली नाही, त्यांचा अपराध कोणता? मडक्याने कुंभाराला जाब विचारू नये, असे पौल म्हणतो. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. माणूस म्हणजे मडके नव्हे. त्याला दुःख होते.

मात्र एक गोष्ट मनात ठसली. निवडलेल्यांची यादी कोणाही माणसाच्या हाती नाही; तेव्हा दुसऱ्याला ‘टाकलेला’ ठरविण्याचा अधिकारही कोणाला नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेला मी पहिलाच. ‘शिक्षण तुमच्या नशिबात नाही’ असे सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले. त्यांनी तो लेख कोठे वाचला होता, एवढेच त्यांना विचारावेसे वाटते.